डोंगरवाटेवरील निशाण्या



माघ सरून फाल्गुन लागला की सह्याद्रीच्या डोंगरवाटा उजाड दिसू लागतात. गवत वाळून पिवळे पडलेले असते, ओढ्यांच्या पात्रात केवळ दगड उरतात आणि बहुतेक झाडांनी पाने टाकलेली असतात. पावसाळ्याच्या अखेरीस कासच्या पठारावर फुले पाहण्यासाठी गर्दी करणारे आपण या दिवसांत डोंगराकडे फिरकत नाही. आता तेथे पाहण्यासारखे काय असणार, असे आपल्याला वाटते.

परंतु एखाद्या सकाळी फज्रच्या नमाजनंतर त्या वाटेने चढून पाहा. एकही पान नसलेल्या पळसावर केशरी फुलांचे घोस लगडलेले दिसतील. काटेसावरीच्या उघड्या फांद्यांवर तळहाताएवढी लाल, मांसल फुले आणि त्यांतील मध पिण्यासाठी मैना, बुलबुल, कोतवाल यांची चाललेली लगबग दिसेल. पांगारा फुललेला असेल. उतारावर धायटीची झुडपे बारीक लाल फुलांनी भरलेली असतील. पायाशी, अगदी धुळीत, अंगभर पिवळे काटे असलेली भुइरिंगणी आपले जांभळे फूल घेऊन पसरलेली असेल. आणखी काही दिवसांनी, ऊन तापू लागल्यावर, जमिनीतून थेट भुईचाफा उमलेल. त्याचे पान आधी दिसत नाही. मातीखालच्या कंदातून प्रथम सुगंधी फूल वर येते, पाने मागाहून येतात.

अंधारातील दाणा

वाचकहो, याची कारणे विज्ञान सांगते आणि ती समजून घेणे हेही ज्ञानच आहे. पाने गाळल्यामुळे झाडाचे पाणी वाचते, खोल गेलेली मुळे जमिनीतील उरलेला ओलावा शोषून घेतात आणि पाने नसल्याने फुले पक्ष्यांना दुरून दिसतात. परंतु ही व्यवस्था कोणी लावली, हा प्रश्न विज्ञानाच्या उत्तरानंतरही उरतोच. सूरह अन्आमच्या ५९व्या आयतीत पवित्र कुरआन सांगतो की झाडावरून गळणारे एकही पान अल्लाहच्या ज्ञानाबाहेर नाही आणि भूमीच्या अंधारात पडलेला एकही दाणा त्याच्यापासून लपलेला नाही. मातीखालचा भुईचाफ्याचा कंद कोणाच्याही नजरेस पडत नाही. वाटसरू त्याच्यावरून चालत जातात. मात्र त्याच्या पालनकर्त्याला तो ठाऊक असतो.

सूरह फातिरमध्ये (आयत २७-२८) फळांचे निरनिराळे रंग, डोंगरांतील पांढरे, लाल आणि गडद काळे पट्टे, माणसे, प्राणी आणि गुरे यांतील रंगभेद यांचा उल्लेख येतो आणि त्याला जोडूनच सांगितले जाते की अल्लाहच्या दासांपैकी ज्ञानी लोकच त्याचे खरे भय बाळगतात. रंग पाहून केवळ मन रमले, तर आपण अर्ध्या वाटेवरच थांबलो. त्या रंगांतून निर्माणकर्त्याची ओळख पटली आणि अंतःकरणात ईशभय उत्पन्न झाले, तर ते पाहणे सार्थकी लागले.

मृत भूमी आणि पुनरुत्थान

निर्जीव भूमीचे पुन्हा सजीव होणे हा दाखला कुरआनने अनेक ठिकाणी दिला आहे. सूरह हामीम सजदाच्या ३९व्या आयतीनुसार भूमी दबलेली, निपचित पडलेली असते. तिच्यावर पाणी बरसताच ती हालते, फुगते. आणि जो तिला जिवंत करतो तोच मृतांनाही जिवंत करणार आहे. ज्यांच्या घरातून नुकतेच कोणी गेले आहे, अशा वाचकांना यातून मोठा दिलासा मिळतो. ज्यांना आपण आपल्या हातांनी मातीत ठेवले, ते नाहीसे झालेले नाहीत.

परंतु हीच निशाणी एक इशाराही आहे. केवळ आपले प्रियजनच उठविले जाणार नाहीत. ज्यांचे आपण नुकसान केले, ज्यांचा हक्क बुडविला, तेही उठविले जातील आणि आपल्या समोर उभे राहतील. हे मला एका डोंगरवाटेनेच शिकविले. ती हकीकत सांगताना आजही मान खाली जाते, तरी कोणाला तिचा उपयोग व्हावा म्हणून लिहीत आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वीही रमजान आतासारखाच याच ऋतूत आला होता. ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मोहल्ल्यातील पाच-सहा तरुण वाई तालुक्यातील एका डोंगरावर गेलो. चहासाठी तीन दगडांची चूल मांडली. वारा सुटला आणि ठिणगी वाळल्या गवतात गेली. ओल्या फांद्या शोधून आग झोडपण्याचा प्रयत्न केला, पण ती आवरेना. आम्ही घाबरून खाली पळालो. मगरिबच्या वेळी मशिदीच्या अंगणातून डोंगरावर तांबडी रेघ सरकताना दिसत होती. कोणी लावला असेल हा वणवा, असे लोक एकमेकांना विचारत होते. आम्ही त्याच सफमध्ये उभे होतो आणि गप्प राहिलो.

आठवड्याने मी एकटाच वर गेलो. धायटीच्या झुडपांचे कोळसे झाले होते. जमिनीवर तडकलेली अंडी होती. पायथ्याशी एका शेतकऱ्याची गवताची गंजी जळून गेली होती. उन्हाळाभर त्याच्या गुरांना पुरणारी वैरण ती. त्याला भेटून कबुली द्यावी असे वाटले. मात्र आज नको, उद्या जाऊ, असे करता करता वर्षे लोटली. अखेर पैसे घेऊन त्या गावी गेलो, तेव्हा त्या गृहस्थांना जाऊन चार वर्षे झाली होती. त्यांच्या मुलाने माझे बोलणे शांतपणे ऐकले, वैरणीची किंमत घेतली आणि एवढेच म्हणाला की माफी बापाने द्यायची होती, ती मी कशी देऊ?

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आजही नाही.

आगीचा अधिकार

प्रेषित मुहम्मद (स.) एका प्रवासात असताना काही सहाबांनी एका लहान पक्षिणीची पिल्ले उचलली. ती व्याकूळ होऊन पंख फडफडवू लागली. प्रेषितांनी (स.) तिची पिल्ले तिला परत करण्यास सांगितले. त्याच प्रसंगी मुंग्यांचे एक वारूळ जाळलेले त्यांच्या दृष्टीस पडले, तेव्हा आगीने शिक्षा देण्याचा अधिकार केवळ आगीच्या मालकालाच आहे, अशी समज त्यांनी दिली. सुनन अबू दाऊदमध्ये ही हदीस आहे. मग विचार करा, एका चुलीच्या, विडीच्या किंवा जाणूनबुजून टाकलेल्या काडीच्या पायी किती वारुळे आणि किती घरटी जळतात! गवत जाळल्याने पुढील वर्षी ते जोमाने येते, असा समज अनेक गावांत आहे. परंतु वणव्याने कोवळी रोपे मरतात, माती उघडी पडते आणि मृगाच्या पहिल्या सरींबरोबर वाहून जाते.

आदरणीय अबू बक्र (रजि.) यांनी सैन्य रवाना करताना फळझाडे तोडू नयेत असे बजावले होते. युद्धातही ज्या समाजाला झाडांचे भान राखण्यास सांगितले गेले, त्याच्या मुलांनी सहलीत ते सोडावे काय?

वाटेचा हक्क

सूरह बनी इस्राईलच्या ३७व्या आयतीत माणसाला ताठ्याने चालण्यास मनाई करताना, तू भूमीला फाडू शकत नाहीस आणि डोंगरांची उंचीही गाठू शकत नाहीस, याची जाणीव करून दिली आहे. डोंगर चढणाऱ्याने तरी ही आयत विसरू नये. शिखरावर पोहोचलो म्हणजे डोंगर जिंकला, असे नाही.

वाटेवरील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा असल्याचे प्रेषितांनी (स.) शिकविले. वाटेवरची काटेरी फांदी बाजूला सारणाऱ्या एका माणसाला अल्लाहने क्षमा केल्याचेही त्यांनी सांगितले. आज वाटेवर काट्यांपेक्षा फुटलेल्या बाटल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अधिक आहेत. म्हणून ईदनंतर मुलाबाळांना घेऊन डोंगरावर जाल, तेव्हा चार गोष्टी सांभाळा. चहा घरूनच थर्मासमध्ये न्या, वाळल्या गवताजवळ विस्तव पेटवू नका. आपला कचरा परत आणा, दुसऱ्याचा दिसला तर तोही उचला. मुलांना फूल दाखवा, त्याचे नाव सांगा, सुबहानल्लाह म्हणावयास शिकवा, पण ते तोडू देऊ नका. त्या मधावर पाखरांचे पोट आहे. आणि पावसाळ्यात एखादे रोप लावा. त्याचे फळ माणूस, पशू किंवा पक्षी जो कोणी खाईल, ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरते.

आजच

तौबेच्या अटी विद्वानांनी स्पष्ट केल्या आहेत. पाप सोडणे, त्याचा पश्चात्ताप होणे आणि पुन्हा न करण्याचा निर्धार करणे. त्यात दुसऱ्या माणसाचा हक्क गुंतलेला असेल, तर तो परत करणे ही चौथी अट. ज्याने कोणावर अन्याय केला असेल, त्याने दिनार-दिरहम उपयोगी न पडण्याचा दिवस येण्यापूर्वी, आजच, त्याच्याकडून माफी मिळवावी, अशी ताकीद प्रेषितांनी (स.) दिली आहे. त्या हदीसमधील आजच या शब्दाचे मोल मला फार उशिरा कळले.

तुमच्या मनातही अशी एखादी जळालेली गंजी असेल. भावाचा अडवलेला हिस्सा असेल, बहिणीचा न दिलेला वारसा असेल, शेजाऱ्याला बोललेला कठोर शब्द असेल. पळस फुलेपर्यंत थांबू नका. तो पुढच्या फाल्गुनात पुन्हा फुलेल. ते माणूस तेव्हा असेल की नाही आणि आपण तरी असू की नाही, हे केवळ अल्लाहलाच ठाऊक.

हे पालनकर्त्या, तुझ्या निशाण्या पाहणारे डोळे आम्हाला दे. तुझ्या भूमीवर नम्रतेने चालण्याची सद्बुद्धी दे. ज्यांचे हक्क आमच्याकडे राहिले आहेत, ते त्यांच्या हयातीत परत करण्याची संधी दे आणि जे तुझ्याकडे परतले आहेत, त्यांची अंतःकरणे त्या दिवशी आमच्याविषयी मृदू कर. आमीन.