हसऱ्या चेहऱ्याचं पाणी

ॲक्सोलॉटल कायम हसतो. पोट भरलेलं असो की कल्ल्यांवर बुरशी चढलेली असो, तोंडाची रेघ तशीच वर वळलेली. ती त्याच्या जबड्याची ठेवण आहे, पण आपल्याला ते हसू वाटतं. २०२१ मध्ये तो माइनक्राफ्टमध्ये आला आणि कितीतरी जण ह्या चेहऱ्याच्या प्रेमात पडले. माझा रूममेट त्यातलाच. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्याने एक पाळलाय. त्याच्याकडे बघताना मला एक प्रश्न छळतो: ज्याचा चेहरा काहीच सांगत नाही, त्याला समजून घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

"आज हा विचित्र वागतोय," असं रूममेट म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा ठरलेलंच काहीतरी असतं. कल्ले पुढे वळलेले, शेपटीचं टोक मुडपलेलं, खाण्याकडे पाठ, नाहीतर टाकीभर सैरभैर पोहणं. कारण शोधायची पहिली जागा म्हणजे पाणी. ह्या प्राण्याला साधारण १६ ते १८ अंशांचं पाणी मानवतं. २४ च्या वर त्याचे हाल सुरू होतात. त्वचा इतकी नाजूक की साठलेला अमोनिया थेट बाधतो. फिल्टरचा प्रवाह जोरात असला तरी त्याला त्रास होतो.

आमच्या कामात एखाद्या सिस्टिमचा डॅशबोर्ड कायम हिरवाच दिसत असेल, तर आम्ही निवांत बसत नाही. लॉग उघडतो. ॲक्सोलॉटलचे लॉग पाण्यात असतात.

आपली माया मात्र चेहरा बघून पाझरते. कुत्र्याने कान पाडले की आपण विरघळतो. ज्याला चेहरा पाडता येत नाही, त्याच्या वाट्याला आपली दया उशिरा येते. म्हणून मला वाटतं, अशा प्राण्याच्या बाबतीत थर्मामीटर आणि अमोनियाचं टेस्ट किट हीच खरी माया. बाकीचं लाडात बोलणं आपण आपल्याशीच करत असतो.

मेक्सिको सिटीतल्या शोचिमिल्कोच्या कालव्यांत, म्हणजे त्याच्या मूळ घरी, १९९८ च्या पाहणीत दर चौरस किलोमीटरला सुमारे ६००० ॲक्सोलॉटल होते. २०१४ मध्ये उरले ३६. शहराचं सांडपाणी आलं, बाहेरून आणून सोडलेले कार्प आणि तिलापिया मासे आले. एवढं होऊनही त्यांच्यातल्या एकाचाही चेहरा बदलला नसणार.

म्हणून 'विचित्र' हा शब्दच मला खटकतो. वाईट पाण्यात सैरभैर होणं हे निरोगी शरीराचं शहाणपण आहे. "ह्याला काय झालंय?" ह्यापेक्षा "आपण ह्याला कशात ठेवलंय?" हा प्रश्न जास्त प्रामाणिक. पण तो नीट विचारला की अडचणीचा होतो. एप्रिलमध्ये बाहेर चाळीस अंश, आणि एका काचेच्या पेटीत मेक्सिकोच्या डोंगराळ पठारावरचा गारवा टिकवायला चिलर अखंड घरघरतोय. ह्या प्राण्याने इथे असावं का? माझं उत्तर नाही असं आहे. दुसरा आणू नये, असं मी रूममेटला सांगितलंय.

पण जो आलाय, त्याला मुळा-मुठेत सोडणं हा काही न्याय नव्हे. तो दहा-पंधरा वर्षं जगू शकतो. तेवढी वर्षं लाइट गेली की पाण्याचं काय होतंय, हे कुणीतरी उठून बघायला हवं. त्याचा चेहरा ते सांगणार नाही.