चाल कुणाची?

सांगलीसारख्या गावात एखाद्या तरुणाने पियानोवर जाझच्या धर्तीच्या स्वतःच्या रचना बांधल्या, तर त्याला पहिला प्रश्न येईल तो असा : "अरे, हे मुळात आपले नव्हे, मग ते तुझे कसे?" प्रश्न थोडा कुत्सित खरा, पण टाकाऊ नव्हे. दुसऱ्याच्या दारची वस्तू माणसाने आपली केव्हा म्हणावी, हा अखेर नीतीचाच प्रश्न आहे.

सांगलीला तरी तो नवा वाटू नये. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी येथे 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. त्याच्या आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले गेले होते. पुढे ही परदेशी पेटी मराठी नाटकाच्या घरात अशी नांदली, की तिचे माहेर कोणते याचा विसरच पडला. जवळच्या नागठाण्यास जन्मलेल्या बालगंधर्वांच्या गळ्याला ऑर्गनची साथ असे. आणि 'मानापमाना'च्या (१९११) पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे तर पेटीचेच उस्ताद. तरीही नभोवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके या वाद्याला दार बंद ठेवले. ते परके, आणि दोन पट्ट्यांमधला स्वर, मींड, त्यातून निघत नाही, हे त्यावरचे आक्षेप.

पियानोचे दुखणेही तेच. पण अमेरिकेतल्या कृष्णवर्णी वादकांनी त्यावर तोड काढली. शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबायच्या, म्हणजे मधला, न निघणारा स्वर कानाला भासतो. उणीव होती, तिचीच त्यांनी भाषा केली. मग मींडेवर कान पोसलेल्या सांगलीकराला या वाद्यावर स्वतःचे काही सांगण्याजोगे नसेल, असे का मानावे?

मात्र एक अट आहे, आणि ती आपल्याच संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत छापलेली सापडते. पदाच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून ती ज्या गाण्यावरून घेतली त्याचा उल्लेख तेथे केलेला असे. त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही, आणि पद पाहुणे आहे असे प्रेक्षकालाही कधी वाटले नाही. डेव्ह ब्रूबेक हा कॅलिफोर्नियातल्या लहानशा गावी, गुराढोरांत वाढलेला पियानोवादक. १९५८ च्या ज्या दौऱ्यात तो मुंबईस आला, त्याच दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावर त्याने नऊ मात्रांचा एक ठेका ऐकला. त्यावर त्याने जी रचना केली तिच्या नावातच 'तुर्की' हा शब्द घातला. चाल कुणाची, ते मथळ्यावरच लिहिले!

उलट उदाहरण आपल्या घरचेच आहे. गोव्याच्या खेड्यांत चर्चच्या शाळेतून स्वरलिपी शिकलेली मुले मुंबईस आली आणि जाझ वाजवू लागली. हळदोण्याचे वाझ 'चिक चॉकलेट' म्हणून गाजले. 'अलबेला'त (१९५१) ते ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. पण हिंदी गीतांचे वाद्यमेळ रात्री जागून लिहिणाऱ्या त्यांच्या कित्येक गोमंतकीय बांधवांची नावे श्रेयावलीत आलीच नाहीत. गाणी घरोघर गेली, ऋण मात्र कुणी लिहून ठेवले नाही. उसने घेणे हा दोष नव्हे. ते दडवणे हा दोष.

आणि नुसते ऋण मान्य करून भागत नाही. दिवाळीत शेजारच्या फराळाचे ताट येते, ते आपण रिकामे परत पाठवत नाही. ताट त्यांचे, पण त्यावरच्या करंज्या आपल्या. त्यांचेच लाडू त्यांना परत वाढणे जसे हास्यास्पद, तसेच ऐकलेले जाझ हुबेहूब वाजवणेही. सांगलीच्या त्या तरुणाला "हे तुझे कसे?" असे विचारण्यापेक्षा आपण विचारावे, "ताट कुणाकडून आले, आणि तू त्यात काय घातलेस?" या दोहोंची उत्तरे त्याच्यापाशी असली, तर ती चाल त्याची, आणि मग, वाचकहो, ती सांगलीचीही.