मार्जारन्याय आणि मांडी

मांजरीचे दात पिलाला लागत नाहीत, असं आपल्याकडे म्हणतात. घटकाभरापूर्वी त्याच दातांनी तिने उंदराची मान मोडलेली असते. ती पिलाच्या मानेवरची सैल कातडी तोंडात धरून त्याला उचलते, तेव्हा पिलू पाय पोटाशी घेतं, शेपूट आत वळवतं आणि गप्प लोंबकळतं. सात घरं फिरवते म्हणतात, ती याच अवस्थेत.

या लोंबकळण्यावर दक्षिणेत शतकानुशतकं वाद चालला. रामानुजांच्या मागे श्रीवैष्णवांत दोन पंथ पडले. वेदान्त देशिकांना मानणारे वडकलै म्हणाले, भक्ताने माकडाच्या पिलासारखं असावं. आई उडी मारते, पण पोटाला बिलगून राहायचं काम पिलाचं. पिळ्ळै लोकाचार्यांच्या बाजूचे तेंगलै म्हणाले, छे, भक्त मांजराच्या पिलासारखा. त्याने काही धरायचं नाही, धरणारी आई आहे. मर्कटन्याय आणि मार्जारन्याय ही जोडी तिथून आली.

वेदान्त देशिकांचं जन्मवर्ष परंपरेने १२६८ मानतात आणि नामदेवांचं १२७०. म्हणजे कांची-श्रीरंगमकडे हा वाद शिजत होता, त्याच सुमाराला आपल्याकडे नामदेव होते. हिंगोलीजवळची नरसी हे त्यांचं गाव. त्यांना मर्कट-मार्जार हा झगडा ठाऊक होता की नाही, याने काही अडत नाही. कथेतले बाळ नामदेव सरळसरळ मांजराच्या पक्षातले आहेत. नैवेद्य पुढे ठेवायचा आणि देव जेवत नाही म्हणून रडून आकांत करायचा. हट्ट आपला, बाकी सगळं त्याचं.

मला या वादात एक खोट दिसते. दोन्ही बाजूंनी आईच पाहिली, मांडी कुणी पाहिली नाही.

मानगूट धरल्यावर पिलू सैल पडतं ती शरीराची आपोआप होणारी क्रिया आहे. भरवसा असो वा नसो, ते सैल पडणारच. म्हणून तर मोठ्या मांजराला मानगुटीला धरून उचलू नका, असं आता पशुवैद्यही सांगतात. ते गप्प राहतं, पण गप्प राहिलं म्हणजे त्याला पटलं असं होत नाही. घरातली लेकरं मात्र ‘बघ, कसं शांत झालं’ म्हणून खूश होतात. आईच्या तोंडातून पिलाला सुटता येत नाही. माणसाच्या मांडीवरून येतं. निघून जायची मोकळीक असूनही ते थांबतं, आणि भरवशाची गोष्ट तिथूनच सुरू होते.

फाल्गुन-चैत्रात हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतकडे हळदीची धांदल असते. कुठे शिजवण चालू, कुठे वाळवण पसरलेलं, माणसं थकून ओसरीवर टेकलेली. अशा वेळी गोठ्यातलं पिलू मांडीवर चढतं ते नखांनीच चढतं. धोतराचा नाहीतर लुगड्याचा धागा त्यात अडकलेला असतो. आधी ते उभंच राहतं, चारही पाय फाकवून, कारण मांडी म्हणजे काही जमीन नव्हे. खाली श्वास आहे, स्नायू हलतात. मग पुढच्या पायांनी कणीक तिंबल्यागत दाबणं सुरू होतं, आईचं दूध पितानाची सवय. मग बसणं, मग एका कुशीवर कलंडणं. नखं एकेक करून आत जातात. शेवटी मान पडते. कान मात्र बराच वेळ जागे असतात. बैलाच्या गळ्यातली घाट वाजली की एक कान तिकडे वळतो, डोळे मिटलेलेच. या सगळ्यात एक क्षण येतो, तेव्हा पिलू अचानक जड लागतं. वजन तेवढंच असतं. आतापर्यंत ते स्नायू ताणून अंग आवरून होतं, आता सगळं अंग तुमच्या मांडीवर सैल सोडलेलं असतं.

अगदी तान्ह्या पिलाला हे जमत नाही. पहिले काही आठवडे त्याला नखं आत घेताच येत नाहीत, त्यामुळे ते कापडाला अडकून राहतं. त्याला घाबरट म्हणण्यात अर्थ नाही.

पिलाच्या तोलाचा अभ्यास शास्त्रज्ञांनी केला, तो मात्र हात सोडून. १८९४ साली पॅरिसमध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी मांजराला चारही पाय वर धरून उलटं सोडलं आणि पडतानाची छायाचित्रं लागोपाठ टिपली. मांजर हवेतच वळून पायांवर उतरलं. विद्वानांना ते पटेना. आधाराशिवाय हवेत अंग वळेलच कसं? धरणाऱ्याच्या हाताला रेटा देऊन ते वळत असणार, अशी शंका निघाली. चित्रांत तसं काही दिसत नव्हतं. मांजर कमरेत वाकतं, अंगाचा पुढचा आणि मागचा भाग निरनिराळ्या अक्षांवर फिरवतं. कणा लवचीक, गळ्याचं हाड नावापुरतं. वर कुठे आणि खाली कुठे, हे त्याला कानाच्या आतल्या इंद्रियाकडून कळतं. तसलं इंद्रिय तुमच्या-माझ्या कानातही आहे.

हे कौशल्य जन्मतः नसतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते दिसू लागतं आणि सहाव्या-सातव्यापर्यंत पक्कं होतं. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात पिलं हाताळून पाहिली. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्यांना माणसाचा हात लागला, ती पुढे माणसाजवळ आपण होऊन येत आणि धरून बसवलं तर जास्त वेळ बसत. हातात घेण्याचा रोजचा वेळ वाढवला, तर हा लळाही वाढे.

ही दोन कोष्टकं शेजारी ठेवली की माकड आणि मांजर यांतली निवडच नकोशी होते. ज्या आठवड्यांत पिलू स्वतःच्या पायांवर उतरायला शिकतं, जवळजवळ त्याच आठवड्यांत दुसऱ्याच्या मांडीवर अंग टाकायला शिकतं. आधी परावलंबन, मग स्वावलंबन असा क्रम तिथे नाही. दीड-दोन महिन्यांचं पिलू मांडीच्या अगदी कडेला, पोट वर करून, डोकं गुडघ्याखाली लोंबकळत ठेवून झोपतं. घसरलंच, तर अंतर पुरेसं असल्यास वाटेत वळेल. पुन्हा चढेल. पडणारच नाही ही खात्री त्याला लागत नाही. पडल्यावर काय करायचं ते अंगात आहे, म्हणून त्याला इतकं सैल पडता येत असावं, असं मला वाटतं.

आपला जमिनीवरचा भरवसा याहून भाबडा. २१ मार्च २०२४ला सकाळी सहा वाजून गेल्यावर हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि नांदेड-परभणीपर्यंत माणसं घराबाहेर आली. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेला तर जमिनीखालून आवाज येण्याची जुनीच ओळख. तरी दुसऱ्या दिवशी आपण त्याच जमिनीवर पाय ठेवतो, कारण दुसरी आणायची कुठून?

नामदेवांच्या कथेचा पुढचा भाग इथे आठवतो. गोरोबाकाकांनी थापटी मारून त्यांना कच्चं मडकं ठरवलं. विठ्ठलाच्या इतक्या जवळचा माणूस, आणि कच्चा! मग ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. पाय काढा म्हटल्यावर म्हणाले, देव नसेल तिथे नेऊन ठेव. नामदेव जिथे पाय ठेवू गेले, तिथे पिंड. लाडक्या बाळाला इथे प्रथमच कळलं की आधार एकाच विटेवर नाही. नामदेव पुढे पार पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. मांडी सोडल्यावर भरवसा तुटला असता, तर एवढी वाट चालवली नसती.

उरला मांडीवाला. मार्जारन्यायात धरणारा देवच असल्याने त्याची लायकी तपासायचा प्रश्न आला नाही. आमच्या खेड्यांत तो येतो. वेत मोठं झालं की पिलं पोत्यात घालून शिवेबाहेर सोडतात. मांजर कुठेही टाका, पायांवरच पडतं, हा त्यावरचा ठरलेला दिलासा, आणि तो अगदीच खोटाही नाही. लेकरांच्या हातात वाढलेलं पिलू दोन महिन्यांनंतर दुसऱ्याला दिलं, तर नव्या घरातही बहुधा महिनाभरात मांडी शोधतं. माणसाचा हात न लागता वाढलेलं, शिवेवरून कुणाच्या तरी गोठ्यात शिरलेलं पिलूही जगतं. ते उंदीर धरेल, धारेच्या वेळी दुधासाठी बरोबर हजर होईल, कडब्याच्या गंजीवरून उडी मारून अचूक उतरेल. पण हात पुढे केला की गव्हाणीखाली पळेल, आणि घरधनी म्हणेल, हे मांजर जातीचंच रानटी आहे.