निरोपाच्या आधीचं गाणं

सावकाश बसा. पाठ टेकायला काही असेल तर टेका. डोळे मिटले तरी चालतील, उघडे राहिले तरी चालतील. आज एका गाण्याच्या सोबतीनं बसायचं आहे, पण ते लावायचं नाही. ते कसं जन्माला आलं आणि कुठवर गेलं, एवढंच मनात हळूहळू फिरू द्यायचं.

गाण्याचं नाव 'टिम मॅकग्रॉ'. टेलर स्विफ्टचं हे पहिलं सिंगल, जून २००६मध्ये नॅशव्हिलच्या बिग मशीन रेकॉर्ड्सनं काढलेलं. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. पण आपल्याला त्याच्याही मागे जायचं आहे, हेंडरसनव्हिलच्या शाळेत.

टेनेसी राज्यातलं, नॅशव्हिलला लागून असलेलं हे तळ्याकाठचं गाव. मुलीला कंट्री संगीतात काही करायचं आहे म्हणून तिचं कुटुंब पेनसिल्व्हेनियाहून या भागात राहायला आलेलं. हायस्कूलचं पहिलं वर्ष, गणिताचा तास चालू आहे. फळ्यावर आकडे उतरत आहेत आणि मागे बसलेल्या मुलीच्या मनात एक चाल घोळते आहे. तिचं ज्याच्यावर प्रेम आहे तो मुलगा शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे. उन्हाळा सरला की तो कॉलेजसाठी दूर जाणार, आणि मग हे नातं टिकायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

इथे जरा थांबा. या क्षणी काहीच तुटलेलं नाही. मुलगा अजून गावातच आहे, संध्याकाळी भेटेलही. तरीही गाण्यात पाहा काय होतं: उन्हाळा संपलेला आहे, सप्टेंबर रडण्यात गेलेला आहे, पलंगाखालच्या खोक्यात एक पत्र पडून आहे, आणि पुढे कधीतरी ती त्याच्या दाराशी पत्र ठेवून जाते. जो सप्टेंबर अजून आलेलाच नाही, त्याची आठवण ती काढते आहे.

या गाण्याला बरेच लोक आठवणींचं गाणं म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही. आठवण मागाहून येते. इथे ती यायच्या आधीच तिच्यासाठी जागा झाडूनपुसून ठेवलेली आहे. एवढ्या लहान वयात हे सुचावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. होणाऱ्या वियोगाकडे आपण सहसा दोनच तऱ्हांनी बघतो. एक तर बघतच नाही, किंवा आतापासूनच माणसाला घट्ट धरून ठेवतो. ती यातलं काहीही करत नाही. ती वियोगाकडे नीट बघते आणि हातातली संध्याकाळ हातातच राहू देते.

आता तुमच्या मनात एक माणूस येऊ द्या. आज जवळ असलेलं, पण कधीतरी दूर जाणार हे तुम्हाला माहीत असलेलं. शोधू नका, जे येईल ते येऊ द्या. छाती भरून आली तर दोन-चार श्वास फक्त श्वासाकडे लक्ष द्या, आणि मग परत या.

त्या माणसाला तुमची आठवण कशावरून यावी असं तुम्हाला वाटतं? मोठं काही शोधू नका. तिनंही शोधलं नाही. त्या गाण्यात आडवाटेला अडकणारा एक ट्रक आहे, तळ्यावरचं चांदणं आहे, अंगावरचे साधे कपडे आहेत, आणि दोघांनी मिळून ऐकलेला एक गायक आहे. टिम मॅकग्रॉ तेव्हा कंट्री संगीतातलं मोठं नाव होतं, कुणाच्याही गाडीच्या रेडिओवर लागणारा आवाज. ती त्या मुलाला एवढंच सांगते की तो आवाज कानी पडला की माझी आठवण होऊ दे. विसरणार नाही असं वचन ती मागत नाही. वचन मागितलं की ते पाळण्याचं ओझं समोरच्यावर पडतं. रेडिओवर गाणं लागलं तर ते आपोआप घडतं, नाही लागलं तर नाही. किती कमी मागितलं आहे, ते बघत राहा.

मनातली चाल एकटीनं पुरी झाली नाही, हेही लक्षात घ्या. दर मंगळवारी शाळा सुटल्यावर ती लिझ रोझ या वयानं बऱ्याच मोठ्या गीतकार बाईंबरोबर लिहायला बसत असे. रोझ यांचं काम बरंचसं संपादकाचं होतं: मुलगी दिवसभरातलं सांगत जायची आणि त्यातलं गाण्याचं काय आहे ते त्या ओळखायच्या. कुणाच्या तरी दुःखाशेजारी असं बसता येणं मला गाण्याइतकंच मोलाचं वाटतं. निर्मिती नेथन चॅपमन यांची. तोवर त्यांनी कुणाचा पूर्ण अल्बम केलेला नव्हता.

यशही संथपणे आलं. आईबरोबर बसून सीडी पाकिटांत भरायच्या, रेडिओ स्टेशनांना पाठवायच्या, मग स्टेशनामागून स्टेशन फिरत गिटारवर गाऊन दाखवायचं. जूनमध्ये निघालेलं गाणं बिलबोर्डच्या कंट्री यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढलं ते २००७च्या जानेवारीत. सर्व प्रकारच्या गाण्यांच्या हॉट १०० यादीत ते चाळिसाव्या जागी पोहोचलं. त्याच वर्षी मे महिन्यात लास वेगासच्या पुरस्कार सोहळ्यात तिनं ते गायलं. टिम मॅकग्रॉ समोरच बसले होते. गात गात ती त्यांच्यापाशी गेली, हात पुढे केला आणि स्वतःचं नाव सांगितलं. ज्याचं नाव गाण्याला दिलं, त्याला ती तेव्हा पहिल्यांदा भेटत होती.

आणि तो मुलगा? त्यानं हे गाणं असलेला अल्बम विकत घेतला, त्याला आवडलाही, असं तिनंच पुढे सांगितलं. मात्र त्याच्या तेव्हाच्या मैत्रिणीला ते फारसं रुचलं नव्हतं.

शेवटची काही मिनिटं त्या मैत्रिणीला द्या. तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. एका मुलीनं एका मुलाकडे मागितलेली छोटीशी गोष्ट आता साऱ्या देशाच्या रेडिओवर वाजते आहे, आणि गाडीत त्याच्या शेजारी बसून ही ते ऐकते आहे. तिची काहीच चूक नाही. आपल्या जवळच्या माणसाच्या मनातही असे कोपरे असतील, आपण यायच्या आधी कुणीतरी झाडूनपुसून ठेवलेले. त्यांना हात न लावता त्या माणसाशेजारी बसता येतं का, ते आता स्वतःशी पाहा. घाई करू नका. जितका वेळ लागेल तितका लागू द्या.