नामाची हद्द

नाम हे वस्तूला बाहेरून लावलेले लेबल, की वस्तूच्या ज्ञानाचेच एक अंग, हा प्रश्न आपल्या तत्त्वचिंतनात फार प्राचीन आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला मातीच्या गोळ्याचा दाखला देतो आणि समजावतो, की विकारांना वाणीने नावे दिली, सत्य ती माती. संगणकाचे प्रोग्राम लिहिण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला या वचनाचे प्रत्यंतर रोज येते. कारण जावासारख्या भाषेत मेथडच्या आतल्या व्हेरिएबलला मनुष्याने कितीही विचारपूर्वक नाव दिले, तरी यंत्र त्याला अखेर नुसत्या क्रमांकाने ओळखते. मग नामकरणाचा एवढा खटाटोप कोणासाठी करावयाचा?

या प्रश्नाचे उत्तर मला एका पतसंस्थेच्या व्याज-आकारणीच्या प्रोग्रामने दिले. व्याजाची सगळी आकारणी चारशेंहून अधिक ओळींच्या एकाच मेथडमध्ये कोंबलेली होती, आणि तिच्यातील दंडव्याजाच्या तीसेक ओळी वेगळ्या काढून त्यांची स्वतंत्र मेथड करावी, इतकाच माझा माफक हेतू होता. त्या मेथडमध्ये ‘इंटरेस्ट’ नावाचे एक व्हेरिएबल चालू महिन्याचे व्याज धरून ठेवी, आणि खात्याच्या क्लासमध्ये नेमक्या त्याच नावाचे फील्ड वर्षभर साचलेले व्याज धरून ठेवी. आतल्या नावाने बाहेरचे नाव झाकलेले होते, तोवर हिशोब बिनबोभाट चालला होता. मी ओळी उचलून बाहेर नेल्या, तेव्हा आतले नाव मागे राहिले, बाहेरचे उघडे पडले, आणि कंपायलरने कसलीही तक्रार न करता वर्षाच्या रकमेवर दंड आकारला. जुनी छापील खतावणी ताडून पाहिली नसती, तर ती तफावत कोणाच्याही ध्यानात आली नसती.

रूप पालटावे पण वर्तन पालटू नये, हे रिफॅक्टरिंगचे व्रत आहे. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या ग्रंथाने ते सर्वतोमुखी केले. परंतु त्यापूर्वीच, १९९२ साली, विल्यम ऑपडाइक यांनी इलिनॉय विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्या व्रताच्या अटी नोंदल्या होत्या, आणि नावे परस्परांहून भिन्न असावीत, ही त्यांतली एक अट होती. ती अट मला प्रथम तांत्रिक वाटली; आता ती तात्त्विक वाटते. दोन वस्तूंना एकच नाव असले, की एकीचे धर्म दुसरीवर लादले जातात; अशा लादण्यालाच शंकराचार्यांनी आपल्या ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी अध्यास म्हटले आहे. परमार्थतः नाम मिथ्या असेल. पण सारा व्यवहार नामावर चालतो हे आचार्यांनीही नाकारले नाही, आणि कर्जदाराचा हिशोब हा व्यवहारच आहे.

यावरचा उपाय आपल्या पूर्वसूरींना ठाऊक होता. पाणिनीने दीर्घ ईकारान्त आणि ऊकारान्त स्त्रीलिंगी शब्दांना ‘नदी’ ही संज्ञा दिली, पण समासाच्या एका सूत्रात त्याच शब्दाने गंगा-यमुनांसारख्या खऱ्या नद्या अभिप्रेत आहेत. हा घोटाळा ओळखूनच भाष्यकारांनी कोठे संज्ञा घ्यावी आणि कोठे लौकिक अर्थ, याचा ऊहापोह केला. एखाद्या सूत्राचा अंमल पुढे कोठवर चालतो, त्याला व्याकरणात ‘अधिकार’ म्हणतात, आणि प्रोग्राममध्ये ज्याला स्कोप म्हणतात तो याहून फारसा निराळा नव्हे. महसुली दप्तराने तोच पेच आपल्या रीतीने सोडविला. पुण्याकडे एक वडगाव बुद्रुक, तर दुसरे खुर्द. शिवाय मौजे, तालुका आणि जिल्हा लिहिल्यावाचून कोणत्याही जमिनीचा सातबारा पुरा होत नाही. नाम खरे ठरते ते आपल्या हद्दीत, आणि हद्द सांगितल्यावाचून नाम अर्धेच उच्चारलेले असते.

मी पुढे जे केले ते साधे होते. ओळी परत जागेवर ठेवल्या. आतल्या नावाला ‘महिन्याचे व्याज’ आणि बाहेरच्या नावाला ‘साचलेले व्याज’ अशा अर्थाची नवी नावे दिली. मगच दंडव्याजाची मेथड वेगळी काढली, आणि तिला लागणारी रक्कम उघडपणे हाती दिली. आकडे खतावणीशी पैशापैशाने जुळले. पण खरे काम नावे बदलतानाच झाले होते. त्या दोन रकमा एक नव्हेत, हे मला त्याच वेळी प्रथम कळले.

म्हणून जे तरुण हा व्यवसाय करीत आहेत, त्यांना माझे सांगणे एवढेच आहे, की लांबलेल्या मेथडचा तुकडा पाडण्याआधी त्या तुकड्याचे नाव मोठ्याने उच्चारून पाहावे. ‘आणि’ घातल्यावाचून ते सांगता येत नसेल, तर आपण चुकीच्या जागी कापीत आहो असे समजावे, आणि खरे नाव सापडेपर्यंत हात आवरावा.