पाचवी मिती शोधायची कुठे?

परभणी

चि. मुक्ता हिस,


तुझ्या प्रश्नांचा कागद मिळाला. सगळ्यांची उत्तरं एका पत्रात मावायची नाहीत आणि काही प्रश्न तुझे तुलाच सुटतील. म्हणून मला आवडले तेवढेच घेते.

‘प्रकाशाच्या वेगाने पळताना हातातल्या आरशात आपलं तोंड दिसेल का?’ हा प्रश्न चांगल्या घराण्यातला आहे. आइनस्टाइनला सोळाव्या वर्षी जवळपास हाच पडला होता. प्रकाशकिरणाचा पाठलाग करत त्याच्या बरोबरीला पोचलं, तर तो जागच्या जागी थबकलेला दिसेल का? मॅक्सवेलच्या वीज-चुंबकत्वाच्या समीकरणांत अशा थबकलेल्या प्रकाशाला जागाच नव्हती. त्यांतून प्रकाशाचा वेग निघतो, पण तो कुणाच्या सापेक्ष, हे ती सांगत नाहीत. त्या काळच्या लोकांनी ठरवून टाकलं होतं की विश्वभर ईथर नावाचं माध्यम भरलेलं आहे आणि हा वेग त्याच्या सापेक्ष आहे. आता पृथ्वी सेकंदाला तीस किलोमीटरने या ईथरमधून धावत असेल, तर प्रकाशाच्या वेगात दिशेनुसार फरक पडायला हवा. तो मोजायला 1887 मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला मायकेल्सन आणि मॉर्ली यांनी एक जाडजूड दगडी लादी पाऱ्यावर तरंगवली. तिच्यावर प्रकाशाचा एक झोत दुभंगून काटकोनातल्या दोन वाटांनी धाडला आणि आरशांवरून परत आणून पुन्हा एकत्र केला. अपेक्षेच्या विसाव्या हिश्शाइतकाही फरक सापडला नाही. हे उपकरण लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

1905 मध्ये, बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी करत असताना, आइनस्टाइनने प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच हे गृहीत धरूनच सुरुवात केली आणि तडजोड करायला लावली ती वेळेला आणि अंतराला. तेव्हा तुझं उत्तर असं: सेकंदाला 2,99,792 किलोमीटर हा वेग वस्तुमान असलेल्या कुणालाच गाठता येत नाही, पण त्याच्या कितीही जवळ पोचलीस तरी तुझ्या चेहऱ्यावरून निघालेला प्रकाश तुझ्या दृष्टीने त्याच वेगाने आरशाकडे जाईल. तोंड नेहमीसारखंच दिसेल. मुरुमांसकट.

‘मग प्रकाशाला स्वतःला वेळ कसा वाटत असेल?’ पुष्कळ पुस्तकं ‘प्रकाशासाठी काळ थांबतो’ असं ठोकून देतात. मला ते वाक्य पटत नाही. काळ मोजायचा तर घड्याळ सोबत न्यावं लागतं, आणि प्रकाशासोबत जाऊ शकेल असं घड्याळ आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतात असूच शकत नाही. उत्तर चुकलेलं नाही, प्रश्नच लागू होत नाही.

‘लेझरचा ठिपका चंद्रावरून प्रकाशापेक्षा वेगाने पळवता येईल का?’ हा प्रश्न मात्र मी आमच्या कॉलेजातल्या पोरांनाही घातला असता. चंद्र आकाशात साधारण अर्ध्या अंशाएवढा दिसतो. लेझर धरलेलं मनगट सेकंदाला पन्नास अंश या गतीने फिरवलं, तर ठिपका चंद्राच्या या काठावरून त्या काठावर सेकंदाच्या शंभराव्या भागात पोचेल. (दुकानात मिळणाऱ्या पॉइंटरचा उजेड तिथवर दिसण्याजोगा उरत नाही, ते सोडून दे.) चंद्राचा व्यास 3,474 किलोमीटर. म्हणजे ठिपक्याचा वेग झाला सेकंदाला 3,47,400 किलोमीटर! प्रकाश हरला की नाही? हरला, पण त्याने काही बिघडत नाही. डाव्या काठावर पडलेला उजेड आणि उजव्या काठावर पडलेला उजेड तुझ्या हातून वेगवेगळ्या क्षणी निघाले होते. दोघंही आपापल्या वाटेने सुमारे सव्वा सेकंद चालत गेले. डावीकडून उजवीकडे असं कुणीच गेलं नाही. डाव्या काठावर बसलेल्या माणसाला त्या ठिपक्याच्या हाती उजवीकडच्याला निरोप धाडता येणार नाही. सापेक्षता बंधन घालते ते निरोपाला आणि वस्तूला, ठिपक्याला नव्हे.

‘वेळ खरंच मंद होतो की तसा भासतो?’ हात उताणा धर. साधारण दर सेकंदाला एक म्यूऑन नावाचा कण तुझ्या तळहातातून आरपार जातोय. वैश्विक किरण वातावरणावर आदळले की पंधराएक किलोमीटर उंचीवर हे कण जन्मतात. त्यांचं सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगानेही तेवढ्यात 660 मीटरच कापता येतात. मग ते परभणीपर्यंत पोचतात कसे? आपल्या हिशेबाने त्यांचं घड्याळ मंद चालतं म्हणून. त्यांच्या हिशेबाने घड्याळ ठीकच असतं, मधलं वातावरणच आखूड झालेलं असतं. निकाल दोन्हीकडून एकच. आपले होमी भाभा 1938 मध्ये केंब्रिजला असताना त्यांनीच लिहून ठेवलं होतं की अशा अल्पायुषी कणांचा वेगात होणारा ऱ्हास मोजला तर आइनस्टाइनची थेट परीक्षा होईल. पुढे 1941 मध्ये रॉसी आणि हॉल यांनी अमेरिकेत डोंगरावर आणि खाली मोजमाप करून ती घेतली.

आमच्या कॉलनीतले एक गृहस्थ म्हणतात की हे सगळं आपल्या पुराणात आहे. राजा ककुद्मी आपली मुलगी रेवती हिच्यासाठी वर विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला, थोडा वेळ थांबला आणि परत येतो तो इकडे युगं उलटून गेलेली! गोष्ट मला फार आवडते. पण जीपीएसच्या उपग्रहावरचं घड्याळ दिवसाला किती पुढे जाईल, हे त्या गोष्टीतून काढता येत नाही. सापेक्षतेतून येतं: वेगामुळे सात मायक्रोसेकंद मागे, उंचावर गुरुत्व क्षीण म्हणून पंचेचाळीस पुढे, वजाबाकी अडतीस. ही दुरुस्ती केली नाही तर दिवसाला दहाएक किलोमीटरची चूक साचत जाईल.

आता तुझी आवडती पाचवी मिती. चौथी काळाची, हे तुला माहीत आहे. ती मांडणी 1908 मधली, आइनस्टाइनचे झ्युरिकमधले शिक्षक मिन्कोव्हस्की यांची. पुढे 1919 मध्ये क्योनिग्सबर्गच्या थिओडोर कालुझाने आइनस्टाइनला एक लेख पाठवला. गुरुत्वाची समीकरणं चारऐवजी पाच मितींत लिहिली तर त्यांतून मॅक्सवेलची समीकरणंही बाहेर पडतात! आइनस्टाइन हरखला, मग बिचकला. लेख छापून यायला 1921 उजाडलं. पण ही मिती दिसत का नाही? 1926 मध्ये ऑस्कर क्लाइनने सुचवलं की ती गुंडाळलेली आहे. कागदाची सुरळी अगदी घट्ट केली की लांबून नुसती रेघ दिसते, तसं. त्याच्या हिशेबाने सुरळीचा घेर इतका बारीक की कुठल्याही सूक्ष्मदर्शकाला तो सापडणं शक्य नव्हतं.

यूट्यूबवरचे व्हिडिओ इथे थांबतात आणि भुताखेतांकडे वळतात. तू थांबू नकोस. मिती डोळ्यांपुढे आणता येत नाही याचं दुःख करण्यात अर्थ नाही, मलाही येत नाही. ती मोजता येईल का, असं विचार. दिव्यापासून दुप्पट लांब गेलीस की उजेड चौथाई होतो, कारण तो गोलाच्या पृष्ठभागावर पसरतो आणि तो पृष्ठभाग अंतराच्या वर्गाने वाढतो. अवकाशाला आणखी एक मोकळी मिती असती तर उजेड आठवा हिस्सा उरला असता. गुरुत्वाचंही तेच झालं असतं. आणि तसं असतं तर, हे एहरेनफेस्टने 1917 मध्ये दाखवलं, ग्रहांच्या कक्षा टिकल्याच नसत्या. जरा धक्का लागला की ग्रह सूर्यात तरी पडला असता, नाही तर कायमचा निघून गेला असता. म्हणजे अवकाशाला चौथी मोकळी दिशा नाही. गुंडाळलेली असली, तर तिच्या घेरापेक्षा कमी अंतरावर न्यूटनचा नियम मोडायला हवा. 1998 मध्ये काही भौतिकशास्त्रज्ञ म्हणाले की हा घेर मिलिमीटरभरही असू शकेल. सिअ‍ॅटलमधल्या प्रयोगकर्त्यांनी पीळतुला वापरून मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागापर्यंत तपासलं आहे. न्यूटन अजून शाबूत आहे.

लांबच्या टोकाचीही तपासणी झाली. सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले होते, त्याच्या गुरुत्वीय लहरी 17 ऑगस्ट 2017 रोजी इथे नोंदल्या गेल्या आणि 1.7 सेकंदांनी गॅमा किरण आले. तेरा कोटी वर्षांच्या प्रवासात एवढाच फरक! लहरींच्या जोरावरून काढलेलं अंतर आणि दुर्बिणींना सापडलेल्या दीर्घिकेचं अंतर जुळलं. गुरुत्व वाटेत दुसऱ्या मितीत गळत असतं तर लहरी जास्त क्षीण होऊन पोचल्या असत्या आणि तारे खऱ्याहून लांब भासले असते.

त्या लहरी पकडणारी लायगो ही यंत्रं म्हणजे मायकेल्सनचीच युक्ती, फक्त काटकोनातल्या भुजा चार-चार किलोमीटरच्या. तसंच एक आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभारायला केंद्र सरकारने 2023 मध्ये मंजुरी दिली. पृथ्वीवर यंत्रं लांब लांब असली की लहर आकाशात नेमकी कुठून आली हे नीट कळतं, म्हणून ते इथे हवं आहे. ते सुरू होईल तेव्हा तुझं एमएस्सी बहुधा झालेलं असेल.

उरला तुझा शेवटचा प्रश्न: मोकळ्या मिती तीनच का? एहरेनफेस्टच्या गणितावर बोट ठेवून काही जण म्हणतात, तीन नसत्या तर हे विचारायला आपण नसतो. खरं आहे, पण माझं समाधान होत नाही. स्ट्रिंग सिद्धांतवाले काळ धरून दहा मिती मांडतात, आणि त्यांतल्या नेमक्या सहाच का गुंडाळल्या गेल्या, याचं सगळ्यांना पटेल असं कारण अजून कुणी दिलेलं नाही.

तुझी,
आत्या

ता. क. लेझर चंद्रावर खुशाल रोख. विमानावर आणि कुणाच्या डोळ्यांवर चुकूनही नको.