मी मारलेला नाग

शौर्य ही गोष्ट आमच्या घराण्यात फारशी नाही. आजोबा पोस्टात होते, वडील लोकल बोर्डात आणि मी विम्याच्या कचेरीत. म्हणजे दुसऱ्यांच्या मरणाचे कागद फाईलला लावणे, एवढाच आमचा मृत्यूशी संबंध. अशा घराण्यात जन्मून मी १९८३ च्या पावसाळ्यात एक नाग मारला. वाड्याच्या मागच्या अंगणात, मोरीपाशी, कपडे वाळत घालायच्या काठीने. चाळीस वर्षं मी ही हकीकत सांगत आलो आहे. सांगता सांगता नागाची लांबी वाढत गेली आणि काठीची कमी होत गेली.

गेल्या मे महिन्यात नातू सुट्टीला आला आणि म्हणाला, ‘‘आजोबा, आपण कात्रजला जाऊ. मला तुमचा नाग बघायचाय.’’

पहिल्यांदा गेलो तो नेमका बुधवार निघाला. बुधवारी उद्यान बंद. सापांनासुद्धा आठवड्याची सुट्टी असते हे पाहून माझ्यातल्या जुन्या कारकुनाला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

कात्रजचं सर्पोद्यान नीलिमकुमार खैऱ्यांनी १९८६ साली उभं केलं. हे तेच खैरे, ज्यांनी १९८० मध्ये बहात्तर विषारी सापांच्या संगतीत बहात्तर तास काढले. का, तर उगाच डिवचल्याशिवाय साप चावत नाही हे लोकांना पटावं म्हणून. त्या वेळी पुण्यात घरोघर तोच विषय होता. मीही कचेरीत डबा खाताना, ‘‘अहो, साप हा मुळात भित्रा प्राणी!’’ असं चारचौघांना ऐकवलं होतं. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे ती माझ्या विरुद्ध जाणार आहे.

उद्यानात मगर तोंड वासून पडली होती. ती म्हणे अशी अंगातली उष्णता बाहेर टाकते. आमची ही म्हणाली, ‘‘तुम्ही दुपारी तसेच झोपता.’’ घोणस वाळक्या पाचोळ्यासारखी निपचित होती. पाय पडेपर्यंत माणसाला कळू नये अशी. नाग मात्र टक लावून बघत होता. अर्थात त्याला इलाज नाही, सापाला पापण्याच नसतात. डोळे मिटून घ्यायची सोय देवाने फक्त आपल्यासारख्यांना दिली आहे.

‘‘तुमचा ह्याच्याहून मोठा होता ना?’’ नातवाने विचारलं.

‘‘मोठा म्हणजे... चल, पुढचा बघू.’’

पुढे होती धामण. लांबलचक, बारीक मानेची, मोठ्या डोळ्यांची. पाटीवर ‘बिनविषारी’ लिहिलेलं. आणि मला घाम फुटला.

कारण मी मारली ती हीच. मला ते दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. सकाळी दूधवाल्याने बघितलं आणि म्हणाला, ‘‘साहेब, ही तर धामण! उंदीर खायची बिचारी.’’ पण तोवर आदल्या रात्री वाड्याने मला तीन कप चहा आणि एक नारळ दिला होता. नारळ फोडून खाऊन झाला होता. तो परत कसा करणार? तेव्हा मी धामणीचा नाग केला. व्याकरणातलं लिंगसुद्धा बदललं. त्या दिवाळीत उंदरांनी फराळाचे डबे आणि माझा वूलनचा कोट फस्त केला, तेव्हा मीच उंदरांना सर्वांत जास्त शिव्या दिल्या.

आपल्याकडे कीर्तनकार दोरीला साप समजण्याचा दृष्टांत देतात. अंधारात भास होतो, दिवा आला की भीती जाते. छान आहे. पण दिवा येण्याआधीच माणसाने काठी हाणली तर काय, हे कोणी बुवा सांगत नाहीत. दोरीचं काही बिघडत नाही. माझी दोरी जिवंत होती.

अजाणता घडलं, असं म्हणावं, तर १९८० सालचं माझं व्याख्यान आड येतं. भीती वाटली म्हणावं, तर ती खरीच होती. सापाच्या भीतीला मी हसणार नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसं सर्पदंशाने गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. रात्री अनवाणी शेतावर पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाने काठी उगारली तर त्याला शिकवायला मी जाणार नाही. पण माझ्या डोक्यावर विजेचा दिवा होता, पायात चपला होत्या आणि मागे सगळा वाडा उभा होता. ‘‘अहो, मारा, मारा!’’ म्हणत होता. मला वाटतं मी सापाला भ्यालो नव्हतो. वाड्याला भ्यालो होतो.

‘‘ही होती,’’ मी नातवाला सांगून टाकलं.

तो काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘हिने काय केलं होतं?’’

‘‘काही नाही. मोरीतून बाहेर चालली होती.’’

हे मी चाळीस वर्षांत कोणालाच सांगितलं नव्हतं. ती जात होती.

परतीच्या बसमध्ये तो बोलला नाही. रात्री हिला सांगितलं, तर ही पांघरूण ओढत म्हणाली, ‘‘दूधवाल्याने आधी मलाच सांगितलं होतं. झोपा आता.’’

रविवारी मेहुणे आले. जेवणं झाली, पान जमलं आणि त्यांनी नेहमीसारखी फर्माईश केली, ‘‘भावजी, तो नागाचा किस्सा होऊन जाऊ द्या!’’ मी घसा खाकरला. नातू समोरच बसला होता आणि पापणी न हलवता माझ्याकडे बघत होता.